गर्दी नसलेला दिवस

वर्षातून एखाद्या दिवशी माणसाला आपण फार हुशार आहोत असे वाटते. मला तसे 2024 च्या जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी वाटले. नाताळच्या सुट्ट्या संपून आठवडा उलटला होता. संक्रांत पुढच्या आठवड्यात होती. मे महिना तर फारच लांब. शिवाय आठवड्याचा मधला वार. अशा दिवशी थीम पार्कमध्ये कोण जाणार? आम्ही चौघे आणि तिथले कर्मचारी, एवढेच लोक असतील असा माझा हिशेब होता. हा हिशेब मी भिंतीवरचे कॅलेंडर पुढ्यात घेऊन, दोन महिने आधीपासून मांडला होता.

तुम्ही म्हणाल, सहलीला जायचे तर एवढा हिशेब कशाला? त्याला कारण आहे. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. त्याला गाणी आवडतात, आगगाड्या आवडतात, पाण्याकडे तो तासन्तास पाहत बसतो. पण मोठा आवाज आणि धक्काबुक्की त्याला सोसवत नाही. आपल्याला जो नुसता गोंगाट वाटतो, तो त्याच्या कानांत सुया टोचाव्यात तसा टोचत असावा. आधी ठरलेले काही ऐन वेळी बदलले, तर त्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

म्हणून आमच्या घरी कुठेही जायचे तर आधी चित्रे काढावी लागतात. त्या दिवसासाठी मी पाच कार्डे तयार केली होती. पहिल्यावर बस, दुसऱ्यावर पार्कचे मोठे दार, तिसऱ्यावर लहान मुलांची आगगाडी, चौथ्यावर आइसक्रीम आणि पाचव्यावर आमचे घर. आठवडाभर रोज रात्री झोपण्यापूर्वी आम्ही ती क्रमाने मांडत होतो. तो बोलायचा फार थोडे, पण तिसऱ्या कार्डावर बोट ठेवून "झुक झुक" मात्र न चुकता म्हणायचा.

खरे तर हा बेत माझ्या मुलीमुळे ठरला होता. ती बारा वर्षांची. भावासाठी तिने आजवर कितीतरी गोष्टी सोडल्या. गणपतीची रोषणाई बघायला आम्ही जात नाही, जत्रेला जात नाही, लग्नात जेवणाची पंगत सुरू होण्याआधी निघून येतो. एके दिवशी तिने अगदी सहज विचारले, "आई, आपण गर्दीत कधीच जाणार नाही का?" तिचा आवाज रुसव्याचा नव्हता, म्हणून तो प्रश्न मनाला जास्तच लागला. गर्दी नसेल अशा दिवशी मोठ्या पाळण्यात बसायला नेईन, असे वचन मी तिला देऊन टाकले.

तर त्या बुधवारी दहाच्या सुमाराला आम्ही पार्कच्या वळणावर पोहोचलो आणि माझा हिशेब तिथेच कोसळला. वाहनतळावर एकीला लागून एक लाल एसटी बसगाड्या उभ्या होत्या. मी मोजायला सुरुवात केली आणि सतराव्या गाडीशी थांबले. प्रत्येक गाडीच्या काचेवर शाळेच्या नावाचा कागद चिकटवलेला. खाली उतरलेल्या मुलांच्या दोन दोनच्या रांगा, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, हातात डब्याच्या पिशव्या. निळे गणवेश, खाकी गणवेश, चौकड्यांचे गणवेश. शिट्ट्या फुंकून लाल झालेले गुरुजी आणि "बाई, बाई" अशा हाकांनी हैराण झालेल्या शिक्षिका.

"हा तुमचा ऑफ सीझन?" हे म्हणाले. त्यांना चिडवायचे नव्हते, पण मला रडू यायचे तेवढे राहिले.

तिकीट खिडकीवरच्या तरुणाला मी तेच विचारले. तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी ऑफ सीझन. शाळांचा तर हाच सीझन. दिवाळीनंतर सुरू होतो, परीक्षा जवळ येईपर्यंत चालतो. आणि सहली नेहमी मधल्या वारीच येतात."

परत फिरावे का, असा विचार मनात आला. पण मुलाच्या हातात दुसरे कार्ड होते आणि समोर खरोखरच ते दार होते. आता घराचे कार्ड दाखवणे म्हणजे त्याच्या जगाचा क्रमच मोडणे. आम्ही आत गेलो.

मुलगी तिच्या बाबांबरोबर मोठ्या पाळण्याकडे गेली आणि मी मुलाला घेऊन आगगाडीच्या रांगेत उभी राहिले. रांग लोखंडी कठड्यांमधून सापासारखी वळत गेली होती. आमच्या पुढे आणि मागे एकाच शाळेची चाळीसेक मुले. मुले ती, गप्प कशी बसणार? गाणी, टाळ्या, एकमेकांच्या नावाचा पुकारा. वर पत्र्याचे छप्पर असल्याने प्रत्येक आवाज दुप्पट होऊन खाली येत होता.

दहा मिनिटे तो ठीक होता. मग त्याने कानांवर हात घेतले. मग तो पुढे मागे डुलू लागला. ही खूण मी ओळखते. त्यानंतर काय होते तेही ओळखते. कार्ड त्याच्या हातातून खाली पडले, कुणाच्या तरी बुटाखाली आले आणि तो किंचाळला. खाली बसला आणि किंचाळतच राहिला.

ज्या आयांनी हे अनुभवले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. आजूबाजूचे आवाज एकदम बदलतात. कुणी म्हणते, "केवढा हट्ट!" कुणी म्हणते, "लाडावून ठेवलंय." मागून एक बाई मला म्हणाल्या, "अहो, एक फटका द्या, गप्प होईल." मी खाली बसून त्याला घट्ट धरले होते आणि मनात एकच विचार होता. पुढे जाऊन त्या कर्मचाऱ्याला सांगावे, की या मुलाला रांगेत उभे राहणे शक्य नाही, जरा आधी सोडाल का?

पण तसे सांगायचे तर तो शब्द मोठ्याने उच्चारावा लागला असता. परक्या माणसांसमोर मी तो आजवर एकदाही उच्चारला नव्हता. त्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलेले होते. त्या दिवशी बरोबर घेण्याचे मनातही आले नव्हते. गर्दीच नसेल तर ते लागेल कशाला?

त्या कठड्याशी बसलेली असताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आले, की दोन महिने कॅलेंडर पुढ्यात घेऊन मी शोधत होते तो रिकामा दिवस केवळ त्याच्यासाठी नव्हता. तो माझ्यासाठीही होता. त्याला आवाज नको होते, मला नजरा नको होत्या.

"ताई, काय झालं? लागलंय का त्याला?" पुढच्या मुलांच्या शिक्षिका परत वळून आल्या होत्या. चाळिशीच्या असाव्यात. खांद्याला भली मोठी पिशवी, त्यात बहुधा चाळीस मुलांची औषधे आणि जादा पाणी.

मी मान वर केली आणि म्हणाले, "त्याला ऑटिझम आहे. आवाज सहन होत नाही त्याला."

इतकी वर्षे अडकलेला शब्द असा सहज बाहेर पडला. आभाळ काही कोसळले नाही. बाईंनी "अगं बाई" म्हटले नाही, चेहरा पाडला नाही. त्या आपल्या मुलांकडे वळल्या आणि एकच वाक्य बोलल्या, "मुलांनो, हाताची घडी, तोंडावर बोट!"

वाचकहो, आपण सगळे हे वाक्य ऐकूनच मोठे झालो. त्याचा एवढा उपयोग होताना मी कधी पाहिला नव्हता. चाळीस मुले एका क्षणात चिडीचूप झाली. पुढची पाहून मागची झाली. मला फटक्याचा सल्ला देणाऱ्या बाईंनीही तोंड मिटले. पत्र्याखाली फक्त पंख्यांची घरघर उरली.

मुलाचे किंचाळणे लगेच थांबले नाही. पाच मिनिटे तरी लागली असतील. मग त्याचे हुंदके झाले, मग नुसता श्वास. त्याने वर पाहिले. समोर एवढी मुले ओठांवर बोट ठेवून, डोळे मोठे करून उभी होती. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने एक हात कानावरून काढला आणि त्याचे बोट स्वतःच्या ओठांवर ठेवले.

एका मुलीने बुटाखाली आलेले कार्ड उचलून फ्रॉकला पुसले आणि त्याच्यापुढे धरले. बाईंनी पुढे जाऊन गाडीवरच्या कर्मचाऱ्याला सांगितले. त्याने हरकत घेतली नाही, कठड्याची साखळी काढून आम्हाला पुढे घेतले. पहिल्या वळणापर्यंत सगळी गाडी गप्प होती. नंतर बोगदा आला आणि मुलांना राहवले नाही. अंधारात एकच आरडाओरडा झाला. मी त्याला घट्ट धरले. त्याने दोन्ही कान झाकले, डोळे मिटले, पण तो उठला नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर अगदी हळू म्हणाला, "झुक झुक."

त्या दिवशी आमची एवढीच एक फेरी झाली. आइसक्रीम खाऊन एक वाजता आम्ही बाहेर पडलो. तासभर रांगेत उभी राहिलेली माझी मुलगी तक्रार करील असे वाटले होते. पण तिला रांगेत कुठल्याशा गावच्या सातवीतल्या मुली भेटल्या होत्या. त्या पहाटे तीनला उठून निघाल्या होत्या आणि त्यांच्यातल्या अनेकींनी एवढा मोठा पाळणा पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी तिला तिळाची चटणी लावलेली भाकरी खाऊ घातली. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "आई, मस्त गर्दी होती ना?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हा किस्सा कार्यालयात सांगितला. आमच्याकडे निरनिराळ्या भाषांतली मंडळी एकत्र जेवतात. गुजराती सहकारी म्हणाला, "आमच्याकडचे लोक दिवाळीनंतर बाहेर पडतात, लाभपाचमीपर्यंत कुठेही जागा मिळत नाही." बंगाली मैत्रिणीने दुर्गापूजेची सुट्टी सांगितली, केरळच्या सहकाऱ्याने ओणमची, तेलुगू भाषिकाने दसऱ्याची आणि संक्रांतीची. काश्मीरमध्ये तर थंडीतच शाळा बंद असतात. डबे आवरेपर्यंत कॅलेंडरचा एकही महिना शिल्लक राहिला नाही. आपल्या देशात ऑफ सीझन नावाची गोष्ट नसतेच. एकाची शाळा चालू असते तेव्हा दुसऱ्याची सुट्टी असते, आणि जेव्हा सगळ्यांच्या शाळा चालू असतात तेव्हा त्या शाळाच सहलीला निघतात!

अंदाज चुकण्याचे हे दुःख मोठमोठ्यांच्याही वाट्याला आलेले आहे. अमेरिकेत 17 जुलै 1955 रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा पहिला दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. पण खोटी तिकिटे छापली गेली आणि सुमारे 28 हजार माणसे आत शिरली. उन्हाने नवे डांबर वितळून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. त्याच डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांमध्ये 2013 मध्ये, ज्यांना अपंगत्वामुळे रांगेत थांबता येत नाही त्यांना परत येण्याची वेळ सांगण्याची आणि तेवढा वेळ रांगेबाहेर काढू देण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या 21 प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यांत स्वमग्नताही आहे. पण ती चेहऱ्यावर दिसत नाही. ती सांगावी लागते. कायदा आपल्या बाजूने उभा राहतो, पण तोंड आपल्यालाच उघडावे लागते.

माझ्यासारख्या आयांना अनुभवातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कॅलेंडरवर विसंबू नका. निघण्यापूर्वी फोन करून, त्या दिवशी किती शाळांच्या सहली नोंदवल्या आहेत ते विचारा. आणि प्रमाणपत्र साड्यांखाली ठेवू नका, पर्समध्ये ठेवा. दारातच कुणाला तरी सांगून ठेवा. समोरचा माणूस मदत करील याची खात्री देता येत नाही, पण न सांगता तर तो मुळीच करणार नाही.

ती पाच कार्डे अजून आमच्याकडे आहेत. तिसऱ्यावर त्या बुटाचा ठसा आहे. मी नवे काढून देत होते, पण त्याला ते चालले नाही. घरात मिक्सर सुरू झाला किंवा दूरदर्शन मोठ्याने लागला, की पूर्वी तो दुसऱ्या खोलीत पळायचा. आता कधी कधी तो आमच्यासमोर येऊन उभा राहतो आणि ओठांवर बोट ठेवतो. मग आम्ही चौघेही हाताची घडी घालून गप्प बसतो.

पुन्हा एकदा पार्कला जायचे आमचे ठरले आहे. मी फोन करून किती बसगाड्या येणार ते नक्की विचारीन. सतरा असतील तर दुसरा दिवस बघेन. पण एकही गाडी नसेल असा दिवस मात्र आता मी मागणार नाही.