गप्पीची पिल्ले

रसेल मार्केटमधून आणलेल्या गप्पीला आमच्या हाउसच्या टाकीत 19 पिल्ले झाली आणि देखरेख माझ्याकडे आली. मी पीटीआधीच उकडलेल्या अंड्याचा बलक भरपूर टाकायचो, म्हणजे दिवसाचे काम उरकले! तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ, 11 पिल्ले मेलेली. पिल्लाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे. उरलेले कुजून पाण्यात अमोनिया होतो, असे सरांनी समजावले. ते रागावले नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले. आता रोज थोडे पाणी बदलतो. पीटी, न्याहारी, खेळ, प्रेप यांच्या मधे चार वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे देतो. महिन्याभरात आठही वाढली. दोघांच्या शेपटीवर केशरी रंग दिसतोय. सुट्टीत मी बेळगावला जाईन, तेव्हा चार वेळा कोण देणार?