'चमार' लिहिलेली बॅग खांद्यावर कोण घेणार?

परवा रत्नागिरीत रामआळीत चप्पल शिवायला दिली आणि तिथेच बसून मोबाइलवर 'चमार स्टुडिओ'च्या बॅगा बघत होतो. शिवणाऱ्या काकांनाही दाखवल्या. "काम साफ आहे," ते म्हणाले. मग कंपनीचं नाव विचारलं. मी सांगितलं, तशी त्यांची आरी थांबली. "असलं नाव लावून कोण घेतं?"

घेतात. सुधीर राजभर हे मुंबईचे चित्रकार, स्वतः भर समाजातले. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि चर्मकारांचं काम आटलं. राजभरांनी धारावीतल्या कारागिरांना सोबत घेऊन टायरट्यूबच्या रबरापासून बॅगा करायला घेतल्या आणि ब्रँडला तीच शिवी नाव म्हणून दिली. २०२४ मध्ये त्यांच्या खुर्च्या मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात होत्या. याला फॅशन म्हणायचं की कला, हा वाद समीक्षकांनी घालावा. मला इतकंच दिसतं की बॅग सामान ठेवायला आहे आणि नाव वाचणाऱ्याला अडवायला.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वर्णसिंग खटल्यात सांगितलं की, अपमानाच्या हेतूने कुणाला 'चमार' म्हणणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरतो. तोच शब्द बॅगेवर आला की त्याचे पैसे मोजले जातात.

माझी अडचण महाडची आहे. मनूने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रं आणि लोखंडी दागिने नेमून दिले, म्हणजे लांबूनच जात ओळखता यावी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली गेली आणि बाबासाहेबांनी आपल्या बायांना सांगितलं: लुगडं वरच्या जातींतल्या बायांसारखं नेसा, जात सांगणारे जड दागिने उतरवा. आमची पणजी त्यानंतर घोट्यापर्यंत लुगडं नेसू लागली, असं घरात सांगतात. तिने अंगावरची जात उतरवली, आणि मी ती विकत घेऊन खांद्याला लावू?

राजभरांना मी चूक म्हणणार नाही. पण मुंबईच्या श्रीमंत वस्तीतली बाई ती बॅग संध्याकाळी कपाटात ठेवू शकते. काकांना ती सोय नाही. शिवाय 'चमार' हा आपल्याकडे हिंदी शब्द, थोडा परका. 'चांभार' असं मराठीत लिहून ती बॅग रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर मिरवायची माझी छाती होईल का? खरं सांगतो, होणार नाही.

आणि एक, आपल्याच मित्रांना बोचेल असं. 'चांभार समाज चळवळीत येत नाही,' हे आपण कोकणातले बौद्ध बैठकीत सहज बोलतो. मी या दुकानात दहा वर्षं चप्पल शिवून घेतोय. काकांशी पाच मिनिटांहून जास्त बोललो ते परवा पहिल्यांदा, आणि तेही एका बॅगेमुळे.

चप्पल पुढे करताना काका म्हणाले, "ट्यूब आपल्याकडेपण मिळते. पंक्चरवाल्याकडे पडलेली असते. करून बघू एखादी."

मग थोडं थांबून म्हणाले, "नाव दुसरं घालू."