गळतीचें मूळ

थेंब दिसतो तेथेंच गळती असते, असा आपणां सर्वांचा समज असतो. हा समज किती फसवा आहे हें कौलारू घरांत पावसाळे काढलेल्या माणसांस निराळें सांगावयास नको. कौल फुटतें आढ्यापाशीं आणि पाणी पडतें भिंतीच्या कडेला. शहापूर-मुरबाडकडील आमच्या विद्यार्थ्यांनीं हें अनेकवार पाहिलेंच असेल. यंत्रांसही हाच न्याय लागू पडतो. सापगांव येथें, भातसा नदीच्या कांठीं, एका मालमोटारीच्या निमित्तानें तो आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळाला. तो वृत्तांत येथें देत आहों.

प्रथम डिझेल इंजिनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनें आपलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें चालवून दाखविलें. पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें यांत ठिणगी लागत नाहीं. सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं ती पांचशें अंशांहून अधिक तापते, आणि तींत डिझेलचा बारीक फवारा उडतांच तें आपोआप पेट घेतें. हा फवारा उडविणारे पंप मोठ्या संख्येनें तयार करण्याचें काम रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालीं सुरू केलें. आपल्या देशांत टाटांनीं १९५४ पासून जमशेदपूर येथें डिझेलच्या मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. अलीकडच्या गाड्यांत फवाऱ्याचें नियमन विजेच्या साधनांनीं होतें; परंतु जुन्या धाटणीच्या पंपांच्या गाड्याही अद्याप आपल्या रस्त्यांवर धांवतांना दिसतात.

आम्ही म्हणतों ती गाडी अशीच जुनी होती. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील ती चालवीत. भातकापणी संपली कीं मुरबाडकडून पेंढा भरून न्यावयाचा, यावर त्या घराचें वर्ष चाले. गेल्या हिवाळ्यांत त्या गाडीनें दोन तक्रारी मांडल्या. उभी केली कीं पंपाखालीं डिझेलचें थारोळें सांचे, आणि सकाळीं ती लवकर सुरू होत नसे. वर पेंढा आणि खालीं गळतें तेल, हें जोडपें किती भयंकर आहे हें सांगणें नलगे. एका गॅरेजांत त्यांस सांगण्यांत आलें कीं पंपच निकामी झाला आहे, तो उतरवून शहरांत पाठवावा लागेल. तो खर्च ऐकून मुलगा शाळा सोडून कामास लागण्याच्या गोष्टी बोलूं लागला. म्हणून आम्ही त्या वडिलांसमवेत सापगांवच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलों.

मिस्त्रींनीं पाना हातीं घेतला नाहीं. त्यांनीं चिंधी मागितली. “मास्तर, पंप ओला आहे खरा; पण ओलें अंग म्हणजे फुटलेलें अंग नव्हे. आधीं सगळें कोरडें करूं,” असें म्हणून त्यांनीं इंजिनाची ती बाजू पुसून स्वच्छ केली. नंतर आमच्या खिशांतला खडू मागून घेऊन त्याची पूड सांध्यांवर भुरभुरविली, आणि हातानें मारावयाच्या लहान पंपानें ते डिझेल चढवूं लागले. पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटली ती मोठ्या पंपावर नव्हे, तर त्याच्या वीतभर वर, फिल्टरच्या सांध्यांतील तांब्याच्या वॉशरपाशीं! तेथून तेल नळीच्या पाठीवरून ओघळत खालीं येई आणि पंपाच्या बुडाशीं थेंब होऊन पडे.

सांधा सोडण्यापूर्वीं त्यांनीं खडूची पूड कणन् कण पुसून काढली. कारण पंपाच्या आंतील दट्टे इतके काटेकोर बसविलेले असतात कीं धुळीचा कणही त्यांस घातक होतो. जुने वॉशर वारंवार आवळले जाऊन कठीण झाले होते. तांबें मऊ असतां सांध्याच्या बारीकसारीक खांचांत बसतें. कठीण झालें कीं बसत नाहीं. दोन्ही बाजूंस नवे वॉशर घालतांच ती गळती थांबली.

परंतु सकाळच्या तक्रारीचें कारण अद्याप मिळालें नव्हतें. येथें एक मौजेची गोष्ट आहे. टाकीकडून येणाऱ्या नळींत डिझेल ढकललें जात नाहीं, ओढलें जातें. तेथें चीर पडली तर इंजिन चालू असतां थेंब बाहेर न येतां हवाच आंत शिरते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली कीं नळींतील डिझेल टाकीकडे परत उतरतें. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाहीं, हा नियम वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहेच. पंपाचा सारा जोर बुडबुडा दाबण्यांतच खर्ची पडतो आणि फवारा उडत नाहीं. गाडीवाले यालाच ‘एअर धरली’ असें म्हणतात. मिस्त्रींनीं त्या वाटेंत पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. इंजिन चालू होतांच तींत बुडबुड्यांची माळ दिसूं लागली. चासीच्या कडेला घांसून रबरी नळी केसाएवढी चिरली होती, आणि ती जागा बाहेरून अगदीं कोरडी होती!

नळी बदलून ती घांसणार नाहीं अशी बांधली. मग फिल्टरवरील स्क्रू सैल करून, फेस जाऊन निर्मळ डिझेल येईपर्यंत लहान पंप मारला. तसेंच मोठ्या पंपाचेंही केलें. दुपार टळण्यापूर्वीं गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. पंपास कोणी हातही लावला नव्हता. मुलगा दुसऱ्या दिवशीं वर्गांत हजर होता.

मुलांनीं मात्र एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. पंपापासून सिलिंडरापर्यंतच्या लोखंडी नळ्यांत दोनशें वातावरणांइतका, किंबहुना त्याहूनही अधिक दाब असतो. चालत्या इंजिनावर तेथील गळती बोटानें कदापि चाचपूं नये. तो फवारा कातडी भेदून आंत शिरतो. जखम टांचणीएवढी दिसते, पण त्वरित शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, प्रसंगीं हातही, गमवावा लागतो.

एका थेंबाची किंमत ती काय, असें कोणी म्हणेल. वीस थेंबांचा एक घन सेंटिमीटर धरा. सेकंदास एक थेंब, तर तासास ३६०० थेंब, म्हणजे १८० घन सेंटिमीटर. अहोरात्रांत सव्वाचार लिटरांहून अधिक! हें तेल रस्त्यावर पडून दुचाक्या घसरतात, आणि पावसाबरोबर तें ओढ्यांतून त्याच भातसेंत जातें, जिचें पाणी मुंबई पिते.

पालकांसही यांतून एक विनंती करावीशी वाटते. मुलास गणितांत गुण कमी पडले म्हणजे त्याची बुद्धीच कच्ची, असें ठरवूं नये. कित्येकदां उदाहरणाची भाषाच त्यास कळलेली नसते. कित्येकदां मागच्या बांकावरून फळा नीट दिसत नसतो. कित्येकदां मूल सकाळीं उपाशीं आलेलें असतें. थेंब गुणपत्रिकेवर पडतो, परंतु चीर वीतभर वर असते. ती शोधावयास चिंधी, खडू आणि थोडी सवड, एवढेंच साहित्य पुरतें.