पलंगाची उंची

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

राज्याचा स्थापना दिवस. सकाळपासून कुठे तरी स्पीकर लागलाय. अण्णा चहा घेताना म्हणाले, "स्थापना तुमची. आपल्या घरात हा बदलीचा दिवस." १९५६ साली याच तारखेला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि नागपूरचं हायकोर्ट उठून जबलपूरला आलं. मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्लांपासून पेशकारांपर्यंत माणसं इकडे आली, त्यांत माझे आजेसासरे. अण्णा तेव्हा पंधरा वर्षांचे. सामानात एक नवारीचा सागवानी पलंग होता, मच्छरदाणीच्या चार दांड्यांसकट. पुढे वाटण्यांत तो काकांकडे गेला. आता परत नागपुरात आहे.

त्या पलंगाचा विषय निघाला अण्णांच्या खुब्यामुळे. ऑपरेशन सप्टेंबरात झालं, चालणं बरंच सुधारलंय, पण पलंगावरून उठताना दोघांना धरावं लागतं. फिजिओथेरपीच्या बाई आज पुन्हा बजावून गेल्या: बसल्यावर गुडघा खुब्यापेक्षा वर येता कामा नये, कंबरेत काटकोनापलीकडे वाकायचं नाही. त्यांनी फीत काढून मापच घेतलं. गुडघ्याच्या लवणीपासून जमिनीपर्यंत सतरा इंच. माणूस बसून गादी दबली तरी वीस इंच उरायला हवेत. आमचा पेटीवाला डबलबेड दबलेल्या गादीसकट साडेचौदा भरला. सध्या वर दुसरी गादी टाकलीय, ती सरकते.

तेव्हा आई-अण्णांच्या खोलीसाठी पलंग घ्यायचा, जमलं तर कपाटही. साठ हजारांपर्यंत. "आरामात होईल," असं हे म्हणाले. यांनी आयुष्यात फर्निचर घेतलेलं नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

फीत पर्समध्ये टाकून बाजारात. पहिल्या शोरूममध्ये काचेचं दार, आत पलंग ओळीने मांडलेले आणि प्रत्येकावर कापडी गुलाब. बहुतेकांची बैठक गादीसकट पंधरा-सोळा इंच. विक्रेता पोरगा म्हणाला, "मॅडम, आजकल लो हाइट ही चलता है।" ज्यांना पलंगावरून उठायचं असतं त्यांना विचारून हे चालायला लागलेलं दिसत नाही.

उंच हवा तर पेटीचा, हायड्रॉलिकवाला. बटण दाबलं की गादी वर उचलली जाते, खाली सात रजया मावतात. आईंना तो एकदम आवडला. अण्णांनी घरूनच फोनवर नकार दिला: "२२ मे १९९७ ला आपण कुठे शिरलो होतो?" भूकंपाच्या त्या रात्री घरातले सगळे नागपूरच्या पलंगाखाली होते, हे माहीत असूनही मला सुचलं नव्हतं. ५.८ रिश्टरचा धक्का होता, जबलपूरची कितीतरी जुनी घरं बसली. पेटीच्या पलंगाखाली माणूस जाणार कुठून?

दुसऱ्या शोरूममध्ये "सॉलिड सागवान" अशी पाटी असलेला पाच बाय साडेसहाचा पलंग. छापील किंमत ९४ हजार, सवलतीनंतर कर धरून ५२. पाय आणि कडेच्या पट्ट्या लाकडाच्याच होत्या. डोकेबाजूच्या फळीवर मात्र मी वाकून कडेचे रेषे पाहिले. खऱ्या फळीत वरचे रेषे काठावरून वळून आडव्या छेदात उतरताना दिसतात. इथे वर सुरेख सागवानी नक्षी आणि काठाला चिकटवलेली पट्टी. मागे हात घातला तर एमडीएफचा गुळगुळीत तपकिरी काठ लागला. विचारल्यावर उत्तर आलं, "फ्रेम सॉलिड है, पैनल तो सब में यही आता है।" त्यात गैर काही नाही, एमडीएफ वाकत नाही आणि त्यावर व्हीनियर छान बसतो. पण मग ती किंमत एमडीएफची हवी.

सप्टेंबरात जीएसटी उतरला तो यावरही उतरला असेल, असं यांना वाटत होतं. नाही. बांबू-वेताचं फर्निचर पाच टक्क्यांवर आलं, लाकडाचं अठरावरच आहे. म्हणजे ५२ हजारांत जवळजवळ आठ हजार कर. मालकांनी हळूच विचारलं, "बिल पक्का चाहिए कि कच्चा?" कच्च्या बिलावर पाच वर्षांची गॅरंटी कुणाकडे मागायची, हे त्यांनी सांगितलं नाही.

शिवाय "झीरो पर्सेंट ईएमआय"चा बोर्ड. बँकेत नोकरी करणाऱ्या बाईला हे दाखवतात! शून्य टक्के व्याज असं काही नसतं हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. रोख घेतलं तर आणखी किती कमी कराल, एवढंच विचारलं. तीन हजार, म्हणाले. मिळालं व्याज.

५ नोव्हेंबर, बुधवार

कार्तिक पौर्णिमा. सगळं गाव ग्वारीघाटावर, बाजारात जाण्यात अर्थ नाही. संध्याकाळी शेजारचे काका अण्णांना बघायला आले. ते मंडला रोडवरच्या उष्णकटिबंधीय वन अनुसंधान संस्थेत होते, लाकडाचा विषय काढला की उठत नाहीत. त्यांचं म्हणणं, सागवान ऐकून भुलू नका, सागवानातलं कोणतं ते बघा. खोडाचा आतला तांबूस-सोनेरी गाभा वाळवीला नको असतो, त्यात तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात. बाहेरची पांढरट कड मात्र इतर कुठल्याही लाकडासारखीच, कीड तिला आनंदाने खाते. ती कड पॉलिशमध्ये रंग मिसळून लपवतात. म्हणून पॉलिश होण्याआधी बघायचं, नाही तर पलंग उलटा करून.

दुसरं, ओल. आपल्याकडे पावसाळ्यात हवा चिंब आणि मे महिन्यात भट्टी. ओलं लाकूड जोडलं की पहिल्या उन्हाळ्यात सांधा ढिला पडतो आणि पलंग कुरकुरायला लागतो. काकांनी आपला ओल मोजायचा काटा देऊ केला, दोन सुया लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. बाराच्या आत आला तर घ्या म्हणाले.

प्लायच्या कपाटाबद्दलही विचारून घेतलं. दुकानदार ७१० नंबरचा शिक्का दाखवून भाव चढवतात. तो बोटीत चालेल असा मरीन प्लाय. झोपायच्या खोलीतल्या कोरड्या भिंतीला ३०३ पुरतो. न्हाणीघराला लागून भिंत असेल तरच पुढचा विचार.

८ नोव्हेंबर, शनिवार

बँकेला सुट्टी, म्हणून आरा मशीनवर. वखारीतल्या भुशाचा वास अंगाला अजून येतोय. मुनीमजींनी दोन ढीग दाखवले. एक "सीपी टीक", इकडच्या जंगलातलं, सरकारी काष्ठागाराच्या लिलावातून आलेलं, ओंडक्याच्या टोकाला हातोडीचा ठसा आणि सोबत वाहतुकीचा परवाना. दुसरा कांडल्यावरून आलेला, घाना आणि इक्वेडोरचा. तिकडे लागवडीतली झाडं लवकर तोडतात, म्हणून वळ्या रुंद, रंग फिका, वजनाला हलकं. भाव जवळजवळ निम्मा. आठ-दहा वर्षांच्या गरजेसाठी घेणाऱ्याला त्यात वाईट काही नाही, फक्त सीपीच्या भावात घेऊ नये.

मुनीमजींनी ऐकवलं की नव्या संसदेत आणि अयोध्येच्या दारांना सागवानच लागलंय. घरी येऊन सांगितलं तर अण्णा उठून बसले: "ते आपल्या चंद्रपूरचं! बल्लारशाच्या डेपोतून गेलं." ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय बसले.

चिरलेल्या सीपीचा भाव साडेतीन हजार रुपये घनफूट सांगितला. रात्री शोरूमच्या त्या पलंगाचा हिशेब मांडला. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४, की घनफूट. कडेची एक पट्टी साडेसहा फूट, सहा इंच, दीड इंच: ०.४. असं पायांपासून आडव्या पट्ट्यांपर्यंत सगळं मिळून, आणि डोकेबाजूची फळीही खऱ्या लाकडाची धरून, चार घनफूट. घट-तूट धरून पाच. म्हणजे साडेसतरा हजारांचं लाकूड. मिस्त्रींची मजुरी चौदा, पॉलिश सहा. साडेसदतीस हजारांत संपूर्ण सागवानी पलंग.

५२ आणि साडेसदतीस यांतलं अंतर म्हणजे निव्वळ लूट, असं मी म्हणणार नाही. त्यात कर आहे, काचेच्या दाराचं भाडं आहे, घरपोच आणून जोडून देणं आहे, आणि मिस्त्री सांगितल्या दिवशी येत नाहीत ही जोखीम तिकडे नाही. पण हा हिशेब हातात असला की निदान आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं. "सूट किती?" हा प्रश्न मग विचारावासाच वाटत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्रींनीच खबर आणली. इथे सिव्हिल लाइन्समध्येच, दोन गल्ल्या सोडून, एक बंगला रिकामा होतोय. मुलं बंगळूरला, जागेवर फ्लॅट येणार. कौलं, दारं, खिडक्या आधीच विकल्या गेल्यात, आतलं सामान राहिलंय. जाळीचं दूधकपाट, पारा उडालेला आरसा, आणि मागच्या व्हरांड्यात एकावर एक ठेवलेले नवारीचे दोन एकेरी पलंग.

मिस्त्रींनी ते अंगणात आणून उलटे केले आणि गुडघे टेकून बसले. पॉलिश न पोहोचलेली खालची बाजू धुळीने काळी झालेली. त्यांनी पटाशीने नखाएवढी कपची काढली, आतून मधासारखा रंग निघाला. मग पायाचा सांधा दाखवला. पट्टीचं कुसू पायातून आरपार जाऊन पलीकडे निघालेलं, वरून लाकडी खुंटी मारलेली. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस असला तर दिसत नव्हता. त्यांनी दोन हातांनी धरून पलंग तिरका पिळला, ढिम्म हलला नाही. "अब ऐसी चूल कौन बनाता है? हम भी नहीं बनाते, टाइम ही नहीं देते लोग।" ओलीचा काटा टोचला: नऊ. पांढरी कड एका पट्टीच्या टोकाला बोटभर, बाकी सगळा गाभा.

खोट फक्त पायांच्या तळाशी. मुंग्या चढू नयेत म्हणून पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करत असत, त्यामुळे खालचा इंचभर कुजलाय. पट्टीपर्यंतची उंची सोळा इंच.

मालकीणबाईंनी दोन्हींचे बावीस हजार सांगितले. कबाडीवाला सात देऊन न्यायला टपलेला. मी तिथेच फीत लावून माप घेतलं, दोन्ही मिळून सव्वाचार घनफुटांच्या आसपास. वखारीच्या भावाने लाकूडच पावणेपंधरा हजारांचं होतं. त्यांना तो कागद दाखवला, कुजलेले पाय दाखवले आणि चौदा म्हटलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि हो म्हणाल्या, वर कबाडीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. हातगाडीचे आठशे वेगळे.

एकेरी दोन घेतल्याबद्दल हे कुरकुरले. आई म्हणाल्या, "मला चालतील. यांनी कूस बदलली की सत्तावन वर्षं माझी झोप मोडतेय." हायड्रॉलिकचं नाव त्यानंतर त्यांनी काढलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

मिस्त्री कबूल केल्यापेक्षा उशिरा आले, पण आले. कुजलेला इंच कापून प्रत्येक पायाला अडीच इंचांचा नवा सागवानी ठोकळा बसवला. नवार काढून आडव्या फळ्या टाकायच्या ठरल्या. अण्णांना नवारच हवी होती, पण ती झोळ धरते आणि कमावलेली उंची मधोमध जाते. हे त्यांना पटवायला फिजिओच्या बाईंनाच फोन लावावा लागला. फळ्यांना एक घनफूट, छत्तीसशे.

गादी आम्ही सरकीच्या कापसाची पिंजून घेतली, चार इंची, घट्ट. दुकानातल्या आठ इंची फोममध्ये अण्णा रुतून बसतात आणि मग त्यांना उपसून काढावं लागतं.

४ डिसेंबर, गुरुवार

दत्तजयंती. गोलबाजारच्या दत्तमंदिरात जाऊन आलो. अण्णा या वर्षी आले नाहीत, घरी पॉलिशवाल्यावर देखरेख करत बसले. चपड्याचं पॉलिश, हाताने, तीन थर. रंग मिसळायचा नाही अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे नवे ठोकळे जुन्या पायांपेक्षा फिके दिसतात. मला ते मोजे घातल्यासारखे वाटतात, आईंना आवडत नाहीत. वर्षभरात गडद होतील असं शेजारच्या काकांचं मत.

बसल्यावर उंची वीस इंच, एक सूत कमी. अण्णा हात न टेकता उठले, मग पुन्हा बसून उठले, मग तिसऱ्यांदा, तेव्हा आईंनी थांबवलं.

हिशेब: पलंग १४,०००, हातगाडी ८००, फळ्या ३,६००, मजुरी ९,०००, पॉलिश ५,०००, दोन गाद्या ६,४००. एकूण ३८,८००. कपाट घेत नाही. आईंच्या लग्नातलं लोखंडी कपाट आहे, त्याचं दार अजून एका बोटाने लागतं, ते रंगवून घेऊ. रंगारी सोमवारी येतो म्हणालाय.

मच्छरदाणीचे दांडे बंगल्यातून आणायचे राहिले होते, ते मालकीणबाईंनी आज गड्याहाती पाठवले. सहा फूट तीन इंच बाय तीन फूट मापाची मच्छरदाणी तयार मिळत नाही. सदरचा शिंपी शिवून देईल, पण त्याला आधी पलंग बघायचाय.