कडी पत्र्याला नको, चॅनेलला हवी

दिवाळी सरली की आमच्या धाराशिवच्या वर्कशॉपमध्ये घोडेवाल्यांची वर्दळ सुरू होते. दत्तजयंतीला सारंगखेडा, मार्गशीर्ष वद्यात माळेगावचा खंडोबा, पौष पौर्णिमेला आपलं नळदुर्ग, अशा जत्रा लागतात. वरातीची घोडी पाळणाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पिकअपचा हौदा घोड्यासाठी तयार करून हवा असतो. त्यात मोबाईलवर परदेशी चकचकीत ट्रेलर बघून आलेला एखादा तरुण हमखास विचारतो, "काका, ॲल्युमिनियमचं करायचं का?"

सांगाडा लोखंडाचाच ठेव, असं मी त्याला सांगतो. ॲल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश आणि त्याला तांबेरा चढत नाही, हे खरं. पण ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून जाड माल घालावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाजवळ ते नरम पडतं आणि खड्ड्यांचे हादरे खाऊन खाऊन एक दिवस तडकतं. लोखंड बहुतेकदा आधी वाकतं, आपल्याला दिसतं. शिवाय येरमाळ्याला रात्री काही तुटलं तर लोखंड जोडणारा माणूस सापडतो. छत आणि वरचे पत्रे मात्र ॲल्युमिनियमचे खुशाल करा. वरचा बोजा कमी झाला की तुळजापूरच्या घाटात वळणावर गाडी कमी झुकते. दोन धातू जिथे जोडले जातात तिथे मध्ये रबर घाला, नाहीतर मूत आणि पाणी झिरपून बोल्टभोवतीचं ॲल्युमिनियम पोखरलं जातं.

मी सगळ्यात आधी बघतो ती घोडा बांधायची कडी. बाहेरून करून आणलेल्या कित्येक हौद्यांत ती नुसत्या पत्र्याला टाके मारून चिकटवलेली असते. साडेतीनशे किलोचा घोडा दचकून मागे हिसडला की झटका त्याच्या वजनाहूनही मोठा बसू शकतो. पत्रा फाटतो आणि धारदार तुकड्यासकट कडी घोड्याच्या तोंडाशी लोंबकळते. कडी सांगाड्याच्या चॅनेलमधून आरपार बोल्टनं बसवावी, मागून जाड पट्टी, वर न सुटणारा नट, आणि बोल्टाचं टोक घोड्याच्या बाजूला येऊ देऊ नये. उंची घोड्याच्या खांद्याइतकी किंवा थोडी वर.

कडी इतकी पक्की केल्यावर मध्ये एक कच्चा दुवा लागतोच. कडीला ज्यूटच्या सुतळीचा वेढा द्यायचा आणि दोर त्या वेढ्याला सुरगाठीनं बांधायचा. घोडा पडला, लटकला तर सुतळी तुटते, मान वाचते. नायलॉनची सुतळी तुटत नाही, ती इथे चालत नाही. दोर मोरकीला बांधावा, लगामाला कधीच नाही. पाय अडकणार नाही इतका आखूड, पण मान थोडी खाली घालता येईल इतका सैल. तासन् तास मान वर जखडली तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि मुक्कामी पोचून घोडा न्यूमोनियानं आजारी पडतो. आणि मागच्या पायांची पिछाडी गाडीत बांधूच नये! तोल सांभाळायला त्याला पाय फाकवावे लागतात.

ब्रेक लागल्यावर घोड्याला सावरायचं काम दोराचं नाही. ते छातीपुढच्या आणि पुठ्ठ्यामागच्या आडव्या दांड्यांचं. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांत दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटीमीटर जाडीचा बांबू, खाली न घसरणारा थर आणि ताशी 35 किलोमीटरची मर्यादा सांगितली आहे. मोटार वाहन नियमांप्रमाणे एका घोड्याला 2.25 चौरस मीटर जागा लागते. हौदा मोजा आणि मगच घोडे ठरवा.

गाडी ताब्यात देताना मी चालकाकडून एक क्रम करवून घेतो. चढवताना आधी मागचा दांडा लावायचा, मग दोर बांधायचा. उतरवताना आधी दोर सोडायचा, मग दांडा आणि फाळका. मागची वाट मोकळी दिसली आणि तोंड बांधलेलंच राहिलं, तर घोडा मागे रेटतो, दोर ताणला जातो आणि तो घाबरून उभा उसळतो.