मुरारला प्रथमच निघालेल्यांसाठी

ज्यांचा आगगाडीचा प्रवास आजवर बाजारापुरता किंवा सणासुदीला नातलगांच्या गावापर्यंतच झाला आहे, त्यांस ग्वाल्हेर म्हणजे परमुलूखच होय. मुंबईपासून सुमारे १,२०० किलोमीटरांची वाट, भाषा हिंदी आणि ओळखीचे कोणी नाही! तरीही मुरारच्या छावणीतील सैनिक मुलास भेटावयास आई निघते. ग्वाल्हेरास १९५७ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत मुलीला पोचवावयास बाप निघतो. अशांसाठी आम्ही या चार सूचना लिहीत आहोत.

प्रथम तिकिटाविषयी. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. घरबसल्या काढलेले तिकीट शेवटपर्यंत प्रतीक्षायादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते. ते घेऊन डब्यात चढू नये. ओळखपत्र मूळ प्रतीचे जवळ असावे. पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र बाक हवा असेल, तर पूर्ण भाडे पडते.

१९१२ साली सुरू झालेली पंजाब मेल मुंबईहून संध्याकाळी सुटते व दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ग्वाल्हेरास पोचते. मधला बाक रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच वेळ उघडावयाचा असतो, हे ठाऊक असले म्हणजे सहप्रवाशांशी तंटा होत नाही. अनोळखी माणसाने दिलेला खाऊ गोड शब्दांत नाकारावा. लहान मुलाच्या खिशात घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा. अडचण आली तर १३९ हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे.

भाषेची एक गंमत ध्यानात असू द्यावी. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. तेव्हा आपल्या मुलीच्या ‘शिक्षे’ची कोणी चौकशी केली, तर घाबरून जाऊ नये!

उतरण्याची तयारी झाशी सुटताच करावी. वाटेत दतिया व डबरा लागतात आणि मग ग्वाल्हेर येते. वृद्ध माणसांस आधीच दाराजवळ आणावे. चंबळेचा मोठा पूल दिसला, तर ग्वाल्हेर मागे पडले असे समजावे. अशा वेळी चालत्या गाडीतून उडी टाकू नये किंवा साखळीही ओढू नये; पुढील स्थानकावर उतरून परतीची गाडी विचारावी.

जुने ग्वाल्हेर, लष्कर व मुरार अशी या नगराची तीन अंगे आहेत. स्थानकावरून मुरार पूर्वेकडे, तर लष्कर दुसऱ्या बाजूस आहे. म्हणून रिक्षावाल्यास नुसते ‘ग्वाल्हेर’ न सांगता ‘मुरार, सदर बाजार’ किंवा ‘मुरार, बारादरी’ असे स्पष्ट सांगावे आणि भाडे आधी ठरवावे.

मुलखाची थोडी ओळख असली म्हणजे परकेपणा कमी होतो. जून १८५८ मध्ये मुरारच्या छावणीपाशी इंग्रजांची लढाई झाली आणि त्यानंतर लवकरच ग्वाल्हेरजवळच झाशीच्या राणीस वीरमरण आले. १८८६ साली इंग्रजांनी किल्ला व मुरारची छावणी शिंद्यांस परत दिली आणि त्यांच्याकडून झाशी घेतली. शिंद्यांच्या काळात येथे आलेली अनेक मराठी घराणी आजही ग्वाल्हेरात नांदत आहेत. वाट चुकल्यास मराठीत बोलणारे कोणीतरी भेटण्याचा संभव आहे.

हिवाळ्यात त्या बाजूस दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. तेव्हा परतीच्या प्रवासात एका वेळचे जेवण व एक पांघरूण अधिक ठेवावे. पोचल्याबरोबर घरी निरोप धाडावा. मागे राहिलेल्यांचा जीव तोवर टांगणीला लागलेला असतो.