गोधडीआडचे सूर

आमच्या माजघरातील कपाटाच्या खालच्या खणात एक कॅसेट आहे. तिच्यावर निळ्या शाईने, आईच्या हस्ताक्षरात, ‘लग्न, १९९१’ एवढेच लिहिले आहे. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात कोणीतरी मांडवातल्या खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवला, दोन बटणे एकदम दाबली आणि तो आपल्या कामाला निघून गेला. त्या कॅसेटवर खुर्च्या सरकवल्याचे आवाज आहेत, फटाके आहेत, कुणा लहान मुलाचे रडणे आहे. आणि या गलबल्यातून वर येणारी, आमच्या सामवेदी बोलीतली लग्नगीते आहेत. गाणाऱ्या बायकांत एक आवाज माझ्या आईचा आहे. १९९८ साली आई गेली. तिचा दुसरा कोणताही आवाज आमच्यापाशी उरलेला नाही.

२०१८ च्या नाताळात सारी भावंडे एकत्र आली असता ती कॅसेट ऐकायचे ठरले. जुन्या टेपरेकॉर्डरने दुसऱ्याच मिनिटाला फीत गिळली. ती सोडवता सोडवता तुटली. त्या संध्याकाळी घरात कोणी फारसे बोलले नाही. जेवणे झाल्यावर ओटीवर बसलेली माझी ऐंशीच्या पुढची आत्या मात्र म्हणाली, “गाणी माझ्या तोंडात आहेत अजून. फितीसाठी कशाला रडता?”

तिच्या या वाक्याने मला जागे केले. मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. चर्चच्या गायकवृंदात बरीच वर्षे हार्मोनियम वाजवल्यामुळे सुरांची थोडीफार जाण होती, हाताशी वेळ होता आणि संगणक लीलया हाताळणारी मुलगी घरात होती. घरच्या घरी एक छोटा स्टुडिओ उभारायचा आणि आत्याच्या तोंडची गाणी नीट ध्वनिमुद्रित करून ठेवायची, असे आम्ही ठरवले.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर आणि धोबी तलावाच्या बाजूला आमच्या तीन फेऱ्या झाल्या. मायक्रोफोन मुख्यतः दोन जातींचे, हे तिथे समजले. ‘डायनॅमिक’ मायक्रोफोनमध्ये पडद्याला जोडलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि त्यातून वीज निर्माण होते. तो दणकट असतो आणि समोरचा, जवळचा आवाज तेवढा नीट उचलतो. सभा-समारंभात दिसणारा, जाळीदार गोल डोक्याचा, १९६६ पासून बाजारात असलेला शूर एसएम ५८ याच जातीचा. ‘कंडेन्सर’ मायक्रोफोनचा पडदा फार हलका असतो. त्याला बहुधा केबलमधूनच ४८ व्होल्टचा दाब पुरवावा लागतो. श्वासाची चाहूलही त्याला लागते. आत्याचा आवाज आता बारीक झाला होता, म्हणून आम्ही मोठ्या पडद्याचा कंडेन्सर निवडला. सोबत त्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो लॅपटॉपला देणारा इंटरफेस, कान पूर्ण झाकणारे हेडफोन आणि एक भक्कम स्टँड घेतला. हेडफोन कान झाकणारेच हवेत, कारण उघड्या हेडफोनमधला आवाज बाहेर झिरपतो आणि पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. स्पीकर घेण्याचे आम्ही पुढे ढकलले. पैसे संपले होते, हे त्याचे खरे कारण.

मनात धाकधूक होतीच. एवढ्याशा सामानात काय होणार? तेव्हा मुलीने मला सांगितले की १९८२ साली अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्याच्या घरच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर आणि दोन साध्या डायनॅमिक मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रित झाला होता. मला जरा धीर आला.

तो धीर पहिल्याच दिवशी खचला. आम्ही ओटीवर मायक्रोफोन मांडला. खाली फरशी, चारही बाजूंना उघड्या भिंती. आत्या गायली आणि ऐकतो तो काय, जणू ती विहिरीच्या तळातून गात होती. शिवाय शेजारचा पाण्याचा पंप, रस्त्यावरची स्कूटर, कुत्रे आणि दूरची लोकलगाडी, सारे काही त्या संवेदनशील पडद्याने इमानाने टिपले होते. महाग मायक्रोफोन घेतला की आवाज सुंदर येतो, ही माझी समजूत होती. तो खोलीचे दोषही तितक्याच बारकाईने दाखवतो, हे कोणी मला सांगितले नव्हते.

यामागचे कारण साधे आहे. आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. गाणाऱ्याच्या तोंडून निघालेला सूर थेट मायक्रोफोनकडे येतो, तसाच तो भिंतीवर आपटूनही येतो, पण काही मिलिसेकंद उशिरा. ही उशिरा आलेली प्रतिबिंबे मूळ सुरात मिसळली की तो गढूळ होतो. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा, असा सल्ला आम्हांला दोघांनी दिला. पातळ पुठ्ठा आवाज फारसा शोषत नाही आणि आग मात्र झटकन धरतो. म्हणून तो बेत सोडला. आवाज शोषायला जाड, मऊ, सच्छिद्र वस्तू लागते.

अशी वस्तू घरातच होती. माजघरामागच्या कोठीच्या खोलीत वर्षाच्या तांदळाची पोती रचलेली, दोरीवर आईने आणि आत्याने शिवलेल्या गोधड्या टांगलेल्या, कोपऱ्यात जुन्या पुस्तकांची मांडणी. एकच लहान खिडकी, तीही रस्त्याच्या विरुद्ध बाजूला. मी आत जाऊन टाळी वाजवली. ओटीवर जी टाळी घुमली होती, ती इथे जागच्या जागी विरली. आम्ही आणखी चार गोधड्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगल्या, पंखा बंद केला आणि ध्वनिमुद्रणाची वेळ दुपारी जेवणानंतरची ठरवली, कारण त्या वेळी पंप आणि कुत्री दोन्ही झोपलेली असतात. या साऱ्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही.

आता आवाज स्वच्छ येऊ लागला. पण गाणे येईना. हेडफोन लावताच आत्या बुजली. तिचा स्वतःचा आवाज तिला किंचित मागून ऐकू येई आणि त्याच्यासाठी थांबत थांबत ती लय सोडून देई. दोष तिचा नव्हता. लॅपटॉप आवाजाचे नमुने थोडे थोडे साठवून मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १,०२४ नमुन्यांचा साठा ठेवला, तर त्या एका थांब्यालाच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. आणि असा थांबा येताना एक, जाताना एक. साठा १२८ वर आणल्यावर प्रत्येक थांबा तीन मिलिसेकंदांच्या आत आला. पुढे तर इंटरफेसमधूनच थेट ऐकण्याची सोय आम्हांला सापडली. तरीही दोन ओळी म्हणून आत्या गप्प झाली.

“काय झाले, आत्या? दमलीस का?” मी विचारले.

“दमेन कशाला? माझी ओळ झाली. पुढची ओळ कोण उचलणार?”

मला माझीच लाज वाटली. जन्मभर ही गाणी ऐकूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ती एकटीने गायची गाणीच नव्हती. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी झेलायची आणि त्या झेलण्यात पहिलीने श्वास घ्यायचा, अशी त्यांची घडण होती. मी मात्र माझ्या आत्याला कानांवर झाकणे घालून एका कोंदट खोलीत एकटीला बसवले होते आणि तिच्याकडून लग्नाचा मांडव मागत होतो.

जानेवारी २०२० मधल्या एका रविवारी आळीतल्या चार वृद्ध स्त्रिया आमच्याकडे आल्या. सहावी असायला हवी होती. ती आदल्या वर्षीच देवाघरी गेली होती. आमच्याकडे मायक्रोफोन एकच. सुदैवाने त्याला दिशा बदलण्याचे बटण होते. एरवी तो हृदयाच्या आकाराच्या क्षेत्रात समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे वगळतो. बटण फिरवले की चहूबाजूंचे सारखेच ऐकतो. मायक्रोफोन मधोमध ठेवून आम्ही पाचही जणींना भोवती पाटांवर बसवले. हेडफोन फक्त माझ्या मुलीने लावला. कोणाचा आवाज मोठा, कोणाचा लहान, हे आम्ही बटणांनी जुळवले नाही. पाट पुढे-मागे सरकवले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. बंद खोलीत हा हिशेब काटेकोर राहत नाही, पण वाट तीच दाखवतो. आत्याला सर्वांत जवळ ठेवले, खणखणीत आवाजाच्या शेजारीणबाईंना तांदळाच्या पोत्यांपर्यंत मागे नेले.

ही रीत काही आमची नव्हे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. भोंग्यासमोर गावे लागे. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. तोपर्यंत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना भोंग्याच्या जवळ किंवा दूर उभे करूनच आवाजांचा मेळ साधत असत.

ध्वनिमुद्रणाची पातळी आम्ही मुद्दाम कमी ठेवली, सर्वांत मोठा सूरही मर्यादेच्या बारा डेसिबल खाली राहील अशी. २४ बिटांच्या मुद्रणात एवढी मोकळी जागा परवडते. हळू आलेला आवाज मागाहून वाढवता येतो. मर्यादा ओलांडून फाटलेला आवाज पूर्ववत करणे कठीण. त्या दुपारी अकरा गाणी झाली. बारावे अर्ध्यावर थांबले. पुढचे शब्द त्या सहाव्या बाईंना येत होते.

रात्री मुलीने हौसेने सॉफ्टवेअरमध्ये आत्याचा एक सूर ‘सुधारला’. हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी रेंगाळणारा तो सूर तिने नेमका पट्टीवर आणून बसवला. दुसऱ्या दिवशी आत्याला ऐकवले. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “पोरी, ही कोण बाई गाते?” मुलीने काही न बोलता ती प्रत पुसून टाकली. मीही खजील झालो, कारण हार्मोनियमवाल्या माझ्या कानांना तो सुधारलेला सूर आवडला होता.

दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली. पाच जणींनी एका खोलीत बसून गाणे अशक्य झाले. २०२१ मध्ये पोत्यांजवळ बसलेल्या शेजारीणबाई गेल्या. त्यांच्या मुलाला आम्ही त्या रविवारची प्रत दिली. मूळ ध्वनिमुद्रण आम्ही आकसून लहान न करता जसेच्या तसे ठेवले आहे. मिनिटाला साधारण साडेआठ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे तासभराचे गाणे आजच्या लहानशा पेनड्राइव्हमध्येही सहज मावते. तीन प्रती तीन वेगवेगळ्या घरांत आहेत. प्रत्येकीसोबत गाणाऱ्यांची नावे, तारीख आणि गाण्याचा प्रसंग लिहिलेला कागद आहे. मायक्रोफोन वसईच्या दमट हवेत बुरसू नये म्हणून तो ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात राहतो.

नंतर मुलीने ती तुटलेली कॅसेटही चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने जोडली आणि चांगल्या यंत्रावर वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवली. जोडाच्या जागी एक शब्द गेला. “बाबा, ही खरखर काढून टाकू का?” तिने विचारले. थोडी काढून पाहिली. खरखरीबरोबर आईच्या आवाजाची धारही बोथट झाली. मी म्हणालो, “राहू दे.”

आता कधी दुपारी कोठीच्या खोलीत गोधड्यांमध्ये बसून मी हेडफोन लावतो. खुर्च्या सरकतात, फटाके वाजतात, ते मूल रडते. मग आत्या ओळ टाकते, आणि आई ती झेलते.